आपल्या शहराची मैदाने आणि आपल्या घरातील फोटो

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी अंकासाठी एखादा लेख द्यावा, अशी सूचना विश्वस्त मंडळींकडून आली, तेव्हा आम्हांस प्रथम थोडा संकोच वाटला. अशा अंकांतून शिक्षण, आरोग्य, समाजसेवा या विषयांवर अधिकारी माणसे लिहितात. तेथे आमच्यासारख्या शाळामास्तराने क्रिकेट-फुटबॉलच्या मैदानांविषयी लिहावे, हे काहींना पोरखेळासारखे वाटेल. परंतु ज्या समाजाची मुले आपल्या ट्रस्टच्या मदतीने शिकली, ती मुले शाळा सुटल्यावर कोठे तरी खेळलीच असतील. त्या जागांची आठवण कोणाजवळ शिल्लक आहे आणि ती कशी जपावी, एवढाच प्रश्न आम्ही येथे मांडणार आहो.

आमचे घराणे मूळचे बीडकडचे. आजोबा, ज्यांना आम्ही घरी दादाजान म्हणत असू, नोकरीच्या निमित्ताने हैदराबादेस आले, त्या वेळी बीड हैदराबाद संस्थानातच होते. बिऱ्हाड सुलतान बाजार आणि चादरघाट यांच्या मध्ये. घरात दखनी, शाळेत मराठी, बाजारात तेलुगू, असा आमचा तिहेरी संसार. सुलतान बाजार हे नावही फार जुने नव्हे. इंग्रज रेसिडेंटाच्या कोठीलगतची ही वस्ती पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखली जाई. १९३३ साली ती निजाम सरकारकडे परत आली, आणि मग तिला आजचे नाव मिळाले. येथून आबिदच्या रस्त्याने पायी निघाले की अर्ध्या तासात फतेह मैदान येते. आमच्या घरातील तीन पिढ्या तो अर्धा तास चालत गेल्या आहेत.

दादाजानांजवळ एक डबा-कॅमेरा होता. त्याच्या एका रोलमध्ये आठच फोटो निघत, आणि रोल व धुलाईचा खर्च पगाराच्या मानाने जड वाटे. म्हणून ते फोटो मोजून काढीत. लग्नकार्यात दोन, ईदला एक, आणि उरलेले मैदानांचे. होय, मैदानांचे. खेळाडूंचे नव्हे. याचे कारण विचारले तर ते म्हणत, "खेळाडूचा फोटो उद्या अखबारात येईलच. आपण कोठे बसलो होतो, तो फोटो कोण छापणार?" लहानपणी या उत्तराचे आम्हांस हसू येई. त्याचा अर्थ कळावयास चाळीस वर्षे लागली.

मैदानाचा फोटो काढण्यात काय आहे, असे कोणी विचारील. याचे उत्तर खेळाच्या नियमांतच आहे. क्रिकेटची खेळपट्टी जगात कोठेही बावीस यार्डांचीच असते; परंतु सीमारेषा किती दूर असावी, तिच्यापलीकडे झाड असावे की भिंत, हे नियम ठरवीत नाहीत. म्हणून प्रत्येक मैदानाचा चेहरा निराळा होतो. अमेरिकेतील बेसबॉल या खेळाचेही असेच आहे. तेथे धाव घेण्याच्या एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतचे अंतर सर्वत्र नव्वद फूट. परंतु मैदानाच्या टोकाची भिंत प्रत्येक गावी वेगळी. बोस्टन शहरातील मैदान १९१२ सालचे आहे. त्याच्या डाव्या बाजूची सदतीस फूट उंच हिरवी भिंत तेथील लोकांना घरच्या माणसासारखी परिचयाची आहे. तिकडचे शौकीन लोक आपापल्या गावच्या मैदानांचे फोटो हौसेने जमवितात.

या हौसेला एक दुःखाची बाजूही आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एबेट्स फील्ड नावाचे मैदान १९१३ साली सुरू झाले. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १५ एप्रिल १९४७ रोजी याच मैदानावर मोठ्या साखळीतील पहिला सामना खेळला, आणि अनेक दशके चाललेला वर्णभेदाचा अलिखित नियम मोडला. १९५७ चा हंगाम संपल्यावर तेथील संघ लॉस एंजेलिसला गेला, १९६० साली मैदान पाडण्यात आले आणि त्या जागी राहण्याच्या इमारती उठल्या. आता ब्रुकलिनच्या लोकांजवळ त्या मैदानाचे काय आहे? फोटो आहेत, आणि फोटोंमागे लिहिलेली नावे आहेत.

आता आपल्या शहराकडे वळू. १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात मोगल फौजेचा तळ ज्या मोकळ्या जागेवर होता, तिला विजयानंतर फतेह मैदान हे नाव पडले, असे सांगतात. आसफजाही काळात तेथे पोलो खेळत. सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर १९३०-३१ पासून मोईन-उद्-दौला सुवर्णचषकाचे सामने होऊ लागले, आणि पुढे १९३४-३५ साली वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन याच स्पर्धेत खेळून गेले. परंतु जिमखान्यावर मोठ्या जनसमुदायाला बसण्याची सोय नव्हती. म्हणून मोठे क्रिकेट फतेह मैदानावर आले. पुढे १९६७ साली या मैदानाला लालबहादूर शास्त्रींचे नाव देण्यात आले. तरी आमच्या घरी ते आजही फतेह मैदानच आहे.

आपल्या शहरातला पहिला कसोटी सामना १९ नोव्हेंबर १९५५ रोजी येथेच सुरू झाला. पाहुणा संघ न्यूझीलंडचा होता, आणि भारताचे कप्तान होते आपल्याच हैदराबादचे फिरकी गोलंदाज गुलाम अहमद. पॉली उम्रीगर यांनी २२३ धावा केल्या. कसोटी क्रिकेटमधील हे कोणाही भारतीयाचे पहिले द्विशतक होय. विजय मांजरेकरांनी ११८ धावा काढल्या आणि कृपाल सिंग यांनी पहिल्याच कसोटीत नाबाद शतक ठोकले. भारताने ४ बाद ४९८ वर डाव सोडला. सुभाष गुप्ते यांनी ७ गडी टिपले. तथापि बर्ट सटक्लिफ यांनी दुसऱ्या डावात नाबाद १३७ धावा करून सामना वाचविला.

या सामन्यासाठी दादाजानांनी एक रोल राखून ठेवला होता. पाच दिवसांचा खेळ आणि आठ फोटो! त्यांपैकी एकाही फोटोत उम्रीगर ओळखू येत नाहीत. खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. परंतु पुढच्या बाजूस जे दिसते, ते कोणत्याही वर्तमानपत्राने छापले नसेल. सायकलींची लांबच लांब रांग, शेरवानीतले कारकून, धोतर आणि काळी टोपी घातलेले आमच्या गल्लीतले मराठी मास्तर, जेवणाचा डबा मांडीवर उघडून बसलेली दोन माणसे, आणि त्या डब्याकडे पाहणारा एक मुलगा. धावफलकावरचे आकडे पुस्तकांत मिळतात. त्या दिवशी कोण कोणाच्या शेजारी बसले होते, हे पुस्तकांत मिळत नाही.

दुसरा कसोटी सामना ऑक्टोबर १९६९ मध्ये झाला, तोही न्यूझीलंडशीच. तेव्हा आमचे अब्बा सतरा वर्षांचे होते. भारताचा पहिला डाव ८९ धावांत आटोपला, आणि शेवटच्या दिवशी ७ बाद ७६ अशी अवस्था असताना पावसाने आपली लाज राखली. त्या दिवशी मैदानात बसून आपण पावसासाठी दुआ मागितली होती, असे अब्बांनी पुष्कळ वर्षांनी कबूल केले, तेही हळू आवाजात. खेळाच्या दृष्टीने ते योग्य नव्हते, हे त्यांस ठाऊक होते.

तिसरा सामना डिसेंबर १९८८ मध्ये. पुन्हा न्यूझीलंड! अब्बांचे बोट धरून आम्ही प्रथमच फतेह मैदानाची पायरी चढलो. वय आठ वर्षे. आपल्या शहराचे अझरुद्दीन आणि अर्शद अयूब संघात होते, आणि भारत दहा गडी राखून जिंकला. आम्हांस मात्र सर्वांत स्पष्ट आठवते ते सिमेंटच्या पायरीचे उन्हाने तापलेले अंग आणि तिच्यावर अब्बांनी अंथरलेले जुने वर्तमानपत्र.

फतेह मैदानावर झालेले तिन्ही कसोटी सामने न्यूझीलंडशी झाले, आणि पुढे उप्पलच्या नव्या मैदानावरील पहिला कसोटी सामनाही २०१० साली न्यूझीलंडशीच झाला. हा निव्वळ योगायोग. परंतु आमच्या गल्लीत त्यावरून विनोद होत आले आहेत.

८ नोव्हेंबर १९९९ रोजी सचिन तेंडुलकर (नाबाद १८६) आणि राहुल द्रविड (१५३) यांनी फतेह मैदानावर ३३१ धावांची भागी केली, तीही न्यूझीलंडविरुद्ध, तेव्हा आम्ही महाविद्यालयात होतो. एका मित्राचा कॅमेरा आणि छत्तीस फोटोंचा रोल घेऊन गेलो होतो. छत्तीसच्या छत्तीस फोटो आम्ही फलंदाजांवर खर्च केले. धुवून आले तेव्हा एकही धड नव्हता. हिरव्या पडद्यावर पांढरे-निळे ठिपके! दादाजानांनी तो गठ्ठा पाहिला आणि एवढेच विचारले, "तुम्ही कोणाबरोबर गेला होता, तो मुलगा यात कोठे आहे?" तो मित्र एकाही फोटोत नव्हता. पुढे तो परदेशी गेला. आज त्याचा त्या वयाचा एकही फोटो आमच्याजवळ नाही.

क्रिकेटविषयी इतके लिहिल्यावर फुटबॉलविषयी लिहिणे आमचे कर्तव्यच आहे. कारण फुटबॉलमध्ये या शहराने जे नाव मिळविले, त्याचे श्रेय एका शाळामास्तरास जाते. सय्यद अब्दुल रहीम (१९०९–१९६३) हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. काचीगुडा आणि चादरघाट येथील शाळांतून, म्हणजे आपल्या सुलतान बाजारच्या अगदी शेजारी, त्यांनी मुलांना शिकविले. त्यांनी तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. जकार्त्याच्या विजयानंतर वर्षही पुरे झाले नाही, तोच कर्करोगाने ते गेले. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कोठे आमच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव कळले.

आता आमच्या घरातील एका फोटोची हकीगत सांगतो. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

१३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री शहरात जो पाऊस झाला, त्यात आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरले. दादाजान २००३ सालीच गेले होते. त्यांचे आल्बम खालच्या कपाटात होते. आम्ही प्रथम मुलांची पुस्तके उचलली, मग धान्य, मग गाद्या. आल्बम आठवले तेव्हा सकाळ झाली होती. सुमारे दोनशे फोटोंपैकी निम्म्याहून अधिक एकमेकांना चिकटले, आणि घाईने सोडविताना आम्ही स्वतःच कित्येक फाडले. जे वाचले, त्यांत एक फोटो होता. उघडे मैदान, मागे एक कौलारू इमारत, अनवाणी अकरा-बारा मुले, एकाच्या हातात फुटबॉल, आणि कडेला उभा असलेला एक उंच माणूस. त्याच्या चेहऱ्यावर सावली पडली आहे. फोटोच्या मागची बाजू कोरी.

घरात सर्वांचे एकच म्हणणे पडले, की हे रहीमसाहेब! चित्रपट आल्यावर तर आमच्या चुलतभावांनी हट्टच धरला. त्याच वर्षी आमच्या शाळेत जुन्या फोटोंचे छोटे प्रदर्शन भरले. तेथे ‘रहीमसाहेब आणि त्यांचे विद्यार्थी’ असे लिहून हा फोटो लावावा, असा आग्रह झाला. तसे लिहिले असते तर फोटोपुढे गर्दी झाली असती, यात शंका नाही. परंतु आम्ही मुलांना रोज सांगतो, की जे ठाऊक नाही ते उत्तरपत्रिकेत लिहू नये. दादाजान हयात असताना हा आल्बम आम्ही पन्नास वेळा चाळला होता, आणि एकदाही ‘हा कोण?’ असे विचारले नव्हते. ती चूक आमची. ती झाकण्यासाठी दुसरी चूक कशी करावी? आम्ही चिठ्ठी लावली : ‘मैदान ठाऊक नाही. माणसे ठाऊक नाहीत. फोटो आमच्या आजोबांनी काढला.’ चुलतभाऊ काही दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीच्या आजी आल्या. त्या चिठ्ठीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग डावीकडून तिसऱ्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सर, हे आमचे हे आहेत. असा एक खांदा पाडून ते शेवटपर्यंत उभे राहायचे." नुसत्या ढबीवरून ओळखणे आम्हांस धाडसाचे वाटले, आणि आम्ही ते तसे नम्रपणे बोललोही. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आपल्या वृद्ध दिरांना रिक्षातून घेऊन आल्या. त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. भावाचे, आणखी चार मुलांचे आणि मैदानाचेही नाव सांगितले. काचीगुड्याच्या बाजूची ती मोकळी जागा आता दुकानांखाली गेली आहे. कडेच्या उंच माणसाविषयी ते म्हणाले, "मास्तर कोणी तरी असतील. आमचे लक्ष चेंडूकडे होते."

आजींजवळ पतीचा लग्नापूर्वीचा एकही फोटो नव्हता. आम्ही प्रत काढून दिली. ती घेताना त्या काही बोलल्या नाहीत. फोटो पदराखाली धरून गेल्या. आम्ही मूळ फोटोच्या मागे पेन्सिलीने पाच नावे लिहिली. ‘रहीमसाहेब’ अशी चिठ्ठी आम्ही लावली असती तर सर्वांचे डोळे त्या एका माणसावर खिळले असते, आणि डावीकडून तिसऱ्या मुलाकडे कोणी पाहिलेच नसते. ती पाच नावे कोणत्याही विजयाच्या यादीत नाहीत. तरी मैदान त्यांचेही होते.

मैदानांची आजची स्थिती सर्वांना दिसतेच आहे. मोठे क्रिकेट २००५ पासून उप्पलला गेले. फतेह मैदान उभे आहे, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी राज्याच्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी तेथेच झाला. खरी काळजी लहान मैदानांची आहे. मोहम्मद सिराज हा रिक्षाचालकाचा मुलगा फर्स्ट लान्सरच्या ईदगाह मैदानावर टेनिसच्या चेंडूने खेळत मोठा झाला. त्या मोकळ्या जागेस तिकीट लागत नव्हते, म्हणूनच हे घडू शकले. आमच्या सुलतान बाजारात २०२० च्या फेब्रुवारीत मेट्रो सुरू झाली. जाणे-येणे सोपे झाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिच्या खांबांखालून दप्तर घेऊन जाणाऱ्या मुलाला चेंडू टाकण्याजोगी जागा घरापासून किती दूर आहे, हे आपण कधी मोजतो काय?

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. त्या आम्ही नुकसान सोसून शिकलो आहो.

पहिली गोष्ट, प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कोण, कोठे आणि केव्हा हे लिहावे. शाईचे पेन वापरू नये. शाई ओलीने पसरते, आणि टोकाच्या दाबाने पुढच्या बाजूस वळ उठतात. खात्री नसेल तेथे ‘बहुधा’ हा शब्द लिहावा. तो लिहिण्यात कमीपणा नाही.

दुसरी, ज्या आल्बमची पाने चिकट असतात आणि वर प्लॅस्टिक असते, त्यांत जुने फोटो ठेवू नयेत. तो डिंक कालांतराने फोटो खातो. साध्या कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी, आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवावेत. खालच्या खणाचा अनुभव आम्ही घेतला आहे.

तिसरी, फोटो भिजून चिकटले तर ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात काही वेळ ठेवले तर पुष्कळदा ते आपोआप सुटतात. मग चित्राची बाजू वर करून टिपकागदावर सावलीत वाळवावेत. हे त्या सकाळी आम्हांस ठाऊक असते तर!

चौथी, घरात सत्तरीच्या वरचे जे कोणी असतील, त्यांच्याजवळ या आठवड्यातच आल्बम घेऊन बसावे. फोटो पुढे धरून ‘हा कोण?’ असे विचारावे. मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत म्हणून निश्चिंत राहू नये. त्यांवरही नाव नसेल तर आपल्या नातवंडांना ते परक्याचेच वाटतील.

आपला ट्रस्ट मुलांच्या फिया भरतो, वह्या-पुस्तके देतो, आजारात धावून जातो. या महोत्सवाच्या निमित्ताने आमच्या दोन विनंत्या आहेत. कार्यालयात एक कपाट जुन्या फोटोंसाठी राखून ठेवावे. सभासदांनी फोटो आणावे, प्रत काढून मूळ फोटो परत न्यावा, आणि नावे मात्र नोंदवून जावे. नावे लिहून घेण्यासाठी दर रविवारी सकाळी आम्ही स्वतः येऊन बसू. दुसरी विनंती अशी, की आपल्या वस्तीत मुले खेळतात अशी जी काही मोकळी जागा आज उरली असेल, तिचा एक फोटो या वर्षी काढून ठेवावा, खेळणाऱ्या मुलांसह. आणि ती जागा कोणी अडवू लागला, तर तो फोटो घेऊन आपण सर्वांनी मिळून संबंधित कचेरीत जावे. दादाजानांच्या फोटोतील मैदानासाठी असे कोणी गेले नव्हते.